सुट्टीतलं डाइव्हिंग: गाइडच्या मागे की आपलं आपण?

प्रश्न विचारणाऱ्यांनी बरंच सविस्तर लिहिलं आहे, त्यातलं मुद्द्याचं आधी मांडते. नवरा-बायको दोघांकडे स्कूबा डाइव्हिंगची ॲडव्हान्स्डपर्यंतची सर्टिफिकेट्स आहेत. प्रत्येकी ३४ डाइव्ह झाल्या आहेत, आणि सगळ्या सुट्टीत, गाइडच्या मागे. मागच्या सहलीत आठ जणांचा ग्रुप होता. कुणाची तरी हवा पस्तिसाव्या मिनिटाला संपत आली की सगळ्यांनाच वर यावं लागायचं. गाइड एखादा प्राणी दाखवायला थांबला की त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर आठ जणांच्या फिन्सनी वाळू उडून काहीच दिसायचं नाही. म्हणून या वेळी दोघांनीच डाइव्ह करायचा विचार आहे. डाइव्ह सेंटरवाले टँक द्यायला तयार आहेत. मुख्य प्रश्न एवढाच की यात शहाणपणा आहे की आगाऊपणा.

मी चौदा वर्षं डाइव्हिंग शिकवते आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं गाइडचंच काम केलं आहे, म्हणजे वाळू उडवणारे ते आठ जण माझ्याही मागे असायचे. तक्रार रास्त आहे. पण गाइड हवा की नको, हा मला खरा प्रश्न वाटत नाही. या ३४ पैकी किती डाइव्हमध्ये वळायची वेळ तुम्ही ठरवलीत? किती डाइव्हमध्ये होडी कोणत्या बाजूला आहे हे तुम्हाला माहीत होतं? उत्तर 'शून्य' किंवा 'एखाद-दोन' असेल, तर तुमच्याकडे ३४ डाइव्हचा पोहण्याचा अनुभव आहे, निर्णय घेण्याचा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि लॉगबुकात त्या एकाच आकड्यात मोजल्या जातात.

गंमत अशी की कागदोपत्री तुम्ही पूर्ण स्वतंत्र आहात. मनोरंजनासाठीच्या डाइव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकांत ओपन वॉटर या पहिल्या कोर्सच्या तोडीच्या पातळीला नावच 'स्वायत्त डाइव्हर' असं आहे. देखरेखीखाली डाइव्ह करणाऱ्यांची पातळी त्याच्या खाली आहे. म्हणजे तुम्ही जे शिकलात ते बडी म्हणजे जोडीदाराबरोबर, गाइडशिवाय, ज्या परिस्थितीत शिकलात तशाच परिस्थितीत डाइव्ह करण्यासाठी. कोर्समध्ये हे सांगितलेलं असतं, आणि कोर्स संपल्यावर पहिल्याच सहलीत कुणीतरी म्हणतं, "फक्त माझ्या मागे या." तेव्हापासून आपण दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायला लागतो. होकायंत्र बॅगेत जातं आणि हवेचं गेज फक्त गाइडने विचारल्यावर बघितलं जातं.

एकदा माझ्या ग्रुपमध्ये सहा जण होते आणि सगळे तुमच्याहून अनुभवी. डाइव्हनंतर होडीवर सहज विचारलं, "आपण प्रवाळाच्या रीफच्या कोणत्या बाजूने गेलो? प्रवाह कुठून होता?" सहापैकी एकालाही सांगता आलं नाही, आणि त्यातल्या एका गृहस्थांच्या शंभराहून जास्त डाइव्ह झालेल्या होत्या. त्यांना कमी लेखायचं नाही, पोहणं त्यांचं माझ्याहून सुंदर होतं. पण त्या क्षणी मला चक्कर आली असती तर ते सहाही जण खुल्या समुद्रात हरवले असते.

ग्रुप म्हणजे सुरक्षितता, हा समज म्हणूनच मला अर्धवट वाटतो. गाइडला समोर बघायचं असतं, प्रवाह बघायचा असतो, वर होड्यांचे आवाज ऐकायचे असतात आणि मधून मधून मागे वळून डोकी मोजायची असतात. सातव्या आणि आठव्या माणसाकडे त्याचं लक्ष मिनिटाला काही सेकंद जातं. शिवाय बऱ्याच ठिकाणी ग्रुपमध्ये बडी कोण हेच ठरलेलं नसतं, सगळे गाइडचे बडी असतात, म्हणजे कुणीच कुणाचा नसतो. १९९८च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन दांपत्य डाइव्ह करून वर येण्याआधीच होडी निघून गेली होती. ते मागे राहिल्याचं दोन दिवसांनी लक्षात आलं आणि ते कधीच सापडले नाहीत. ती डाइव्हर्सनी भरलेली होडी होती. होडीवरची मोजणी आपलीही जबाबदारी असते हे मी म्हणूनच प्रत्येकाला सांगते.

आता उलट बाजू. गाइड हा तिथल्या पाण्याचा जाणकार असतो आणि ते ज्ञान विकत घेण्यासारखंच असतं. भरती कधी उलटते, कोणत्या टोकापलीकडे पाणी खाली ओढतं, कोणत्या सी-फॅनवर म्हणजे पंख्यासारख्या प्रवाळावर दोन सेंटिमीटरचा पिग्मी सीहॉर्स, म्हणजे चिमुकला समुद्रघोडा, बसलेला असतो, हे दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला कळणं शक्य नाही. काही ठिकाणी तर पर्यायच नसतो. गालापागोसला किंवा मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या सागरी उद्यानात गाइडशिवाय उतरताच येत नाही. मालदीवमध्ये मनोरंजनाच्या डाइव्हिंगला ३० मीटरची मर्यादा आहे. इजिप्तच्या लाल समुद्रातल्या दूरच्या सागरी उद्यानांत जायला ५० डाइव्हची नोंद लागते, तिथे तर तुमचा ३४चा आकडाच आडवा येईल. कुठे जाताय ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी तिथले नियम बघा, कदाचित प्रश्न तिथेच निकालात निघेल.

नियम परवानगी देत असले तर सगळं जागेवर अवलंबून आहे. कॅरिबियनमधलं बोनेर बेट हे दोघांनी डाइव्ह करण्यासाठी जगातलं सगळ्यात सोपं ठिकाण मानलं जातं, आणि त्याला कारणं आहेत. वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला असतो. रीफ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुरू होते आणि रस्त्याकडेला पिवळ्या दगडांवर डाइव्ह साइटची नावं रंगवलेली असतात. लोक पिकअपमध्ये टँक टाकतात आणि आपापले उतरतात. तरीही तिथे आधी माहितीसत्र आणि चेक डाइव्ह म्हणजे चाचणीची डाइव्ह केल्याशिवाय तुम्हाला मोकळं सोडत नाहीत. अशी जागा असेल तर माझं उत्तर 'जरूर करा' असं आहे. पण दोन बेटांमधल्या खिंडीतून वाहत जायची डाइव्ह असेल, खाली तळ दिसत नसेल, बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायचं असेल किंवा तुमची पहिलीच रात्रीची डाइव्ह असेल, तर गाइड घ्या. तिथे स्वाभिमान आड येऊ देऊ नका.

'स्वतंत्र' म्हणजे एकटं नव्हे, हेही सांगून ठेवते. तुम्ही दोघं असणार आहात, आणि इथे तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं. "मिसेसना दिशा कळत नाहीत, पण मी नेईन," असं तुम्ही लिहिलंय. अहो, मग ती स्वतंत्र डाइव्ह कुठे झाली? गाइड बदलला, एवढंच. फरक इतकाच की हा गाइड ३४ डाइव्हचा आहे. नवरा-बायकोच्या जोड्यांत हे मी सर्रास बघते. एक जण ठरवतो, दुसरा मागे येतो, आणि मागे येणाऱ्याला हवा किती उरली हेसुद्धा पुढचाच हाताच्या खुणेने विचारत असतो. पुढच्यालाच पायात गोळा आला किंवा त्याच्याच रेग्युलेटरने, म्हणजे टँकमधली हवा तोंडात देणाऱ्या उपकरणाने, दगा दिला तर काय? माझी सरळ अट अशी की एक डाइव्ह तुम्ही न्या, पुढची त्यांनी न्यायची. त्यांना दिशा कळत नसतील तर सहा-सात मीटरवर होकायंत्र घेऊन दहा फेऱ्या मारा, कळतील. ते जमेपर्यंत दोघांनी मिळून गाइड घ्या.

आता हवेबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डॅन म्हणजे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंगच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी २००८मध्ये डाइव्हिंगमधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत सुरुवातीचं कारण ठरवता आलं, त्यातल्या ४१ टक्क्यांत ते हवा कमी पडणं हे होतं. उपकरणातला बिघाड १५ टक्के. म्हणजे आपण ज्याला घाबरतो ते यंत्र बहुधा ठीक चालत असतं, आपण गेज बघत नाही.

गाइड सांगतो, "५० बार झाले की मला खूण करा." बार म्हणजे दाबाचं माप, इथे टँकमधल्या हवेच्या दाबाचं. हा ५०चा आकडा कुठून आला, ते कधी विचारलंत का? आपण हिशोब करू. समजा १८ मीटरवर तुमची हवा अचानक संपली आणि तुम्ही बायकोच्या ऑक्टोपसवर, म्हणजे तिच्या टँकच्या जादा रेग्युलेटरवर, श्वास घेताय. घाबरलेला माणूस शांत माणसापेक्षा बराच जास्त हवा घेतो, म्हणून प्रत्येकी मिनिटाला २५ लिटर धरू, दोघांचे ५०. हा पृष्ठभागावरचा आकडा, खाली दाब जितका तितक्या पट हवा लागते. १८ मीटरवर दाब २.८ बार असतो, म्हणून तिथे गोंधळ निस्तरायला एक मिनिट गेलं की १४० लिटर संपले. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने पाच मीटरपर्यंत यायला साधारण १६० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, २२५ लिटर. शेवटचे पाच मीटर सावकाश, ६० लिटर. एकूण ५८५. नेहमीच्या ॲल्युमिनियम टँकचं आकारमान ११ लिटरच्या आसपास असतं, म्हणजे हे झाले ५३ बार. गेजची चूक आणि धांदल धरून मी ६० म्हणते.

हाच हिशोब ३० मीटरवरून केला तर आकडा ८० बारच्या घरात जातो. म्हणजे ३० मीटरवर दोघांच्याही गेजवर ५० बार असतील तर एकाची हवा गेल्यावर दोघांना सेफ्टी स्टॉपसकट वर येता येईल इतकी हवा तिथे नसते. ग्रुपमध्ये हे लपून जातं, कारण गाइडकडे भरपूर शिल्लक असते. दोघंच असलात की ती शिल्लक तुम्हालाच एकमेकांसाठी ठेवावी लागते.

यातूनच वळायची वेळ निघते. २०० बारने सुरुवात केली, ६० राखीव, उरले १४०. किनाऱ्यावरून जाऊन तिथेच परत यायचं असेल तर त्याचे निम्मे जायला, म्हणजे ७०. जिच्या किंवा ज्याच्या गेजवर आधी १३० दिसेल त्याने खूण करायची आणि दोघांनी वळायचं. "अजून थोडं, ते कासव बघून येऊ" असं म्हणायचं नाही. कासवं परतीच्या वाटेवरही भेटतात.

तुम्हाला स्वतःची हवा किती लागते ते मात्र माझ्या २५ लिटरवरून ठरवू नका. पुढच्या गाइडेड डाइव्हमध्येच मोजा. दहा मीटरवर दहा मिनिटं एका पातळीत, नेहमीच्या वेगाने पोहा आणि आधीचा-नंतरचा आकडा लक्षात ठेवा. ३० बार गेले तर ते ११ लिटरच्या टँकमधले ३३० लिटर, मिनिटाला ३३, आणि तिथला दाब दोन बार म्हणून पृष्ठभागावरचे साडेसोळा. दोघांनीही मोजा. कुणाची हवा आधी संपते याबद्दल घरात जे समज असतात ते बऱ्याचदा खोटे ठरतात.

प्रवाहाच्या बाबतीत माझीच फजिती सांगते. सर्टिफिकेट मिळाल्यावर मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा गाइडशिवाय किनाऱ्यावरून उतरले. पाणी अंगाखालून अलगद नेत होतं, काय छान पोहतोय असं वाटत होतं. १०० बारला वळलो, तर समोर तेच पाणी भिंतीसारखं. पंधरा मिनिटं फिन्स मारल्यावर समजलं की आपण जवळजवळ जागेवरच आहोत. शेवटी वर आलो तर उतरायची जागा खूप लांब राहिली होती आणि मधला किनारा सगळा खडकाळ. खूण म्हणून वर सोडायचा फुगा नव्हता, शिट्टी नव्हती. परत पोचायला पाऊण तास लागला आणि मैत्रीण पुढचे दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे परत येताना तो मदत करतो, हे वाक्य मी कोर्समध्ये तीनदा ऐकलं होतं. पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, पण डाइव्हिंगमध्ये ती पद्धत फार महाग पडते.

म्हणून उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाण्याकडे बघा. बांधलेल्या होड्यांची तोंडं कुठे आहेत, बोयाच्या दोराला पाणी कुठून लागतंय. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, आणि तिथी लक्षात ठेवायची सवय असेल तर तेही कामाला येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी जोरात धावतं, अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी तुलनेनं मंद असतं. पहिल्या स्वतंत्र डाइव्हसाठी भांगाचे दिवस आणि पाणी उलटायच्या आधीचा थांबलेला वेळ मिळाला तर उत्तम.

सामानाबद्दल थोडक्यात. दोघांकडे खोली आणि वेळ मोजणारा स्वतंत्र डाइव्ह कॉम्प्युटर हवा, एकात दोघांचं चालत नाही. दोघांकडे पृष्ठभागावर सोडायचा फुगा म्हणजे एसएमबी आणि त्याच्या दोराचं रील हवं, आणि ते पाच मीटरवरून सोडण्याचा सराव आधी उथळ पाण्यात झालेला हवा. बॅगेत गुंडाळून ठेवलेला फुगा कामाचा नाही. शिट्टी बीसीडीला, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटला, बांधलेली. किनाऱ्यावरून उतरत असाल तर सगळ्यात जवळचा ऑक्सिजन कुठे आहे आणि अडचणीत कुणाला फोन करायचा ते आधी विचारून ठेवा, कारण होडीवर जे आपसूक असतं ते तिथे नसतं. डाइव्हिंगचा विमा काढला नसेल तर काढा.

मग नेमकं करायचं काय? तुमच्या जागी मी असते तर थेट टँक उचलून निघाले नसते. पहिला दिवस गाइडबरोबरच. सहलीतली पहिली डाइव्ह मी आजही तशीच करते, कारण भाड्याचा सूट किती जाड आहे यावर बुडण्यासाठी अंगावर बांधायचं वजन बदलतं आणि वजन चुकलं की बाकी सगळंच बिघडतं. दुसऱ्या दिवशी सेंटरला सांगा, "आम्हाला दोघांसाठी वेगळा गाइड हवा, पण पुढे आम्ही राहू, त्याने मागून यायचं." बेत तुम्ही आखायचा, खोली, वेळ आणि वळायचा आकडा तुम्ही सांगायचा, आणि गाइडने फक्त धोका दिसला तरच हात घालायचा. जास्त पैसे पडतील, पण आठ जणांच्या ग्रुपमधल्या पाच डाइव्हपेक्षा यातल्या दोन डाइव्ह जास्त शिकवतील. मी पाहुण्यांबरोबर शेवटच्या दिवशी हेच करायचे. पहिल्या वेळी बहुतेक जण होडीपासून पन्नासेक मीटर चुकतात, दुसऱ्या वेळी दहा.

त्या दोन डाइव्ह दोघांनी एकेक नेऊन नीट झाल्या, तर त्याच साइटवर, तशाच हवामानात, बारा-पंधरा मीटरपेक्षा खाली न जाता तुम्ही दोघं जा. ओळखीची जागा कंटाळवाणी वाटेल. वाटू द्या, पहिल्यांदा हेच हवं असतं. होडीवरून उतरत असाल तर वर कधी येणार ते नेमक्या मिनिटांत सांगून जा आणि वर आल्यावर आपली नावं कागदावर टिपली गेली का ते स्वतः बघा.

गाइडच्या मागे जायची वेळ आली, आणि ती येईलच, तर प्रवासी होऊन जाऊ नका. ग्रुपमध्येही तुम्ही दोघं एकमेकांचे बडी. उतरताना होकायंत्रावर किनाऱ्याची दिशा बघून ठेवा, दर पाच मिनिटांनी मनात गेजचा आकडा ओळखा आणि मग गेज बघा. गाइड ३० मीटरवर निघाला आणि तुम्हाला ते पटत नसेल तर १८वर थांबायचा किंवा डाइव्हच रद्द करायचा पूर्ण अधिकार तुमचा आहे, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. बुकिंग करतानाच विचारा, एका गाइडमागे किती जण, आणि अनुभवाप्रमाणे ग्रुप वेगळे करता का. चारच्या वर असतील तर मी दुसरं सेंटर बघते.

परतीच्या विमानाबद्दलही तुम्ही विचारलं होतं. डॅनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनेक दिवस किंवा एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको. गाइडेड असताना सेंटर हे बघतं, दोघंच असलात की शेवटच्या सकाळी "एक पटकन मारून येऊ" असा मोह होतो.

आणि शेवटचा प्रश्न, पहिल्या स्वतंत्र डाइव्हला नवा कॅमेरा न्यावा का. नको. हॉटेलवरच राहू द्या.